मिरजगावहून दर महिन्याला येणारी मी

मला त्या मंडळाचा राग होता आणि तो मी कधी लपवला नाही. आमच्या समाजाचं वधू-वर सूचक मंडळ. नव्वदचं दशक संपत आलं होतं, नगरमध्ये गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास निघाले होते आणि दिल्लीगेटजवळच्या अशाच एका क्लासमध्ये मी शिकवत होते. क्लासचे मालक मंडळाचे सेक्रेटरी. त्यांना आम्ही सगळे सर म्हणायचो. सरांनी एक दिवस क्लासच्या दारावर दुसरी पाटी ठोकली, ‘संगणकीकृत वधू-वर केंद्र’, आणि मला आत बोलावून म्हणाले, “मॅडम, समाजाचं काम आहे. तुमच्यावाचून कोण करणार?” समाजाचं काम म्हणजे पगारात न धरलेलं काम. होकार द्यायला मी तयार नव्हते, पण नोकरी हवी होती.

मुलांना शिकवायला म्हणून सरांनी एक भारीतला डेटाबेस आणला होता. कुठून आणला, ते विचारायचं नसे. त्यातच मंडळाची टेबलं बनवायची ठरली. मुलांचं एक, मुलींचं एक, गावांचं एक, कुळांचं एक, आणि सगळी एकमेकांना क्रमांकांनी बांधलेली. कोणत्या टेबलात काय काय रकाने हवेत ते मंडळाच्या बैठकीत ठरलं, चहा-खारीवर. मुलाच्या नावापुढे जिरायत किती, बागायत किती, विहिरीचं पाणी मे महिन्यापर्यंत टिकतं का. मुलीच्या नावापुढे उंची, वर्ण, गृहकृत्यं. वर्णाचा रकाना मुलांना नव्हता. मी विचारलं, “मुलं काय काचेची असतात?” बैठकीतले एक फेटेवाले आजोबा म्हणाले, “पुरुषाचा रंग कोन बघतंय, पोरी?” आणि सगळे हसले. मी हसले नाही. नंतर सरांनी मला बाजूला घेतलं आणि मोठ्यांसमोर जरा गोड बोलत जा म्हणून सांगितलं. गोड बोलायचेही पैसे मिळत नव्हते.

मंडळाच्या दोन शाखा होत्या. एक संगमनेरला, तिथल्या एका प्रेसमध्ये. दुसरी मिरजगावला, म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्यांच्या खताच्या दुकानात. त्यांना आम्ही नाना म्हणतो. माझे वडील नागापूरच्या एमआयडीसीत लेथवर होते, आम्हीही तिथंच राहायचो, त्यामुळे गावची जमीन, भावकी आणि घरातल्या सगळ्या पोरींविषयी मत देण्याचा अधिकार नानांकडे गेला होता. मी दहावी झाले तेव्हा “आता शिवणक्लास लावा” हे त्यांचं मत. आई त्या वेळी त्यांच्याशी भांडली. डोक्यावरचा पदर खाली घसरला तरी सावरला नाही, एवढी भांडली, आणि मला नगरच्या कॉलेजात सायन्सला घातलं. तेव्हापासून नाना माझ्याशी बोलताना आधी माझ्या चपलांकडे बघत. शहरात राहून पोरगी किती बिघडली ते चपलांवरून कळतं असा त्यांचा समज असावा.

शाखांतल्या दोन्ही मशिनवर मीच डेटाबेस टाकून दिला आणि शिकवलाही. माऊसने दाबायचं काही नव्हतंच. काळा पडदा, त्यावर लुकलुकणारी एक खूण आणि तिच्यापुढे टाइप करायची एक ओळ. महिनाअखेर शाखेने एक्स्पोर्टची ओळ मारायची, की त्यांच्या टेबलातलं सगळं एका फाइलीत बांधलं जायचं. ती फाइल फ्लॉपीवर घ्यायची आणि नगरला पाठवायची. इथे मी इम्पोर्टची ओळ मारली की फाइलीतलं सगळं आमच्या टेबलात उतरायचं. नानांनी ती एक्स्पोर्टची ओळ एका कीटकनाशकाच्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहून घेतली होती. ती टाइप करताना ते तोंडाने म्हणत, आरती म्हणावी तशी. मिरजगावची फ्लॉपी खतं न्यायला आलेल्या टेम्पोतून येई, आणि तिला औषधाचा असा उग्र वास असे की ड्राइव्हमध्ये घालायच्या आधी मी ती खिडकीत ठेवायचे.

इम्पोर्टचा नियम साधा होता. ज्या क्रमांकाची नोंद आपल्याकडे आधीच आहे, ती फाइलीत पुन्हा आली तर मशिन तिला दारातूनच माघारी लावतं. पडद्यावर ‘रिजेक्टेड, रिजेक्टेड’ अशी रांग लागते. जी नोंद आपल्याकडे नाही, तेवढीच आत येते. मग आत नवीन कोण आलं, ते मी एक क्वेरी मारून बघायचे आणि त्या महिन्याची यादी छापून द्यायचे. मराठी अक्षरं त्या मशिनला येत नव्हती, म्हणून आमच्या समाजाच्या सगळ्या मुली इंग्रजी अक्षरांत ‘सुस्वरूप’ आणि ‘मनमिळाऊ’ होत्या.

एका महिन्यात मिरजगावच्या नव्या नोंदींत माझं नाव आलं.

मी ते दोनदा वाचलं. वडिलांचं नाव, मूळ गाव मिरजगाव, शिक्षण बी.एस्सी., वर्ण सावळा, उंची पाच फूट एक इंच, नोकरी कॉम्प्युटर शिकवते. अपेक्षा: निर्व्यसनी, थोडी शेती असावी. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. फक्त मला कोणी विचारलेलं नव्हतं. मला एवढ्यात लग्न करायचं नव्हतं, आणि करायचं झालं असतं तरी कोणाच्या बैठकीत बसून पोहे देत आणि नखं दाखवत करायचं नव्हतं. मी डिलीटची ओळ टाइप केली, माझा क्रमांक घातला, एंटर मारलं. पडद्यावर आलं, एक ओळ काढली. मी कमिट करून ते पक्कं केलं आणि पुढच्या बॅचला शिकवायला गेले.

हे काम नानांचं, यात मला शंकाच वाटली नाही. शाखा त्यांची, मशिन त्यांचं, ओळ त्यांच्या कॅलेंडरवरची. घरी मी हा विषय काढला नाही. वडील असल्या गोष्टींत पडत नसत, आणि आई माझ्या बाजूची. ती सकाळी माझा डबा भरताना मी नको नको म्हणत असताना चौथी पोळी कोंबायची. अशी पोळी कोंबणारी आई माझ्या पाठीमागे मला यादीत कशाला कोंबेल?

पुढच्या महिन्याची फ्लॉपी आली. रिजेक्टेड, रिजेक्टेड, आणि शेवटी एक ओळ आत. मीच. यात काही चमत्कार नव्हता. मी नगरच्या टेबलातून मला काढलं होतं, मिरजगावच्या टेबलात मी होतेच. नगरला जागा रिकामी दिसली की मिरजगावची मी येऊन बसायची. पण या वेळी मी गहूवर्णी झाले होते.

मला हसू आलं, मग राग आला, मग रागच राहिला. मी पुन्हा काढलं. त्यापुढच्या महिन्यात मी पाच फूट तीन इंच झाले. त्यापुढे गोरी. मग माझं वय कमी झालं. मग ‘कॉम्प्युटर शिकवते’ जाऊन ‘घरीच असते’ आलं, आणि हे वाचताना मी त्याच क्लासमध्ये, त्याच कॉम्प्युटरपुढे बसले होते. नाना माझ्या नावाच्या बाईला दर महिन्याला रंधा मारून गुळगुळीत करत होते. मी तिला दर महिन्याला पुसत होते. आमच्यात यावर एका शब्दाचं बोलणं नव्हतं. सगळं फ्लॉपीवर चाललेलं.

पहिली खरी नोंद मी काढलीच नसती तर पुढच्या सगळ्या खोट्या नोंदी मशिनने दारातून हाकलल्या असत्या. क्रमांक तोच होता. ते मला कळत होतं, मी तर हेच पोरांना फळ्यावर शिकवत होते. पण खोटी मला नको म्हणून खरीला बाजारात उभी करायची, हा कुठला न्याय? मला दोघीही नको होत्या.

पावसाळ्यात एका चुलत भावाच्या मुलाचं जावळ होतं, म्हणून आम्ही मिरजगावला गेलो. पंगतीत वाढताना नानांनी नेहमीप्रमाणे माझ्या चपला शोधल्या, मग तोंडाकडे बघितलं.

“काय पोरी, बरं चाललंय का?”

“तुमच्या कृपेने उंची वाढतेय,” मी म्हटलं. “रंगही उजळलाय. चपलांचंही काही होत असेल तर बघा.”

नानांच्या हातातला आमटीचा डाव तसाच राहिला. त्यांनी आईकडे पाहिलं. आई भाताचं पातेलं घेऊन आत निघून गेली. येताना एसटीत वडील एवढंच म्हणाले की मोठ्या माणसाशी असं बोलू नये. मी म्हटलं, मोठ्या माणसाने असं वागूही नये. आई खिडकीबाहेर बघत होती. मला वाटलं, ती माझ्याच बाजूने गप्प आहे.

दिवाळीनंतर मंडळाचा मेळावा होता. मेळाव्याला वधू-वरांची छापील पुस्तिका निघणार, पहिल्यांदाच कॉम्प्युटरवरून. सर त्या पुस्तिकेने इतके फुगले होते की त्यांनी जाहीर केलं, “शेवटचं इम्पोर्ट मी स्वतः करणार आणि इथूनच फाइल संगमनेरच्या प्रेसला पाठवणार.” क्लासची दुपारची बॅच त्यांनी मागे उभी केली. पोरांना कळलं पाहिजे, आपला क्लास काय करतो! त्यांनी मिरजगावची फ्लॉपी घातली, माझ्याकडून ओळ विचारून घेतली, एंटर मारलं. रिजेक्टेडची रांग लागली, थांबली. सरांनी नव्या नोंदी काढल्या.

“अरे वा! मॅडम, तुमचीही नोंद आहे की!” ते मोठ्याने म्हणाले, आणि मग चष्मा वर करून पडद्याजवळ गेले. “पण हे काय? शिक्षण, दहावी पास?”

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. ज्यांना मी महिनाभर टेबलांना टेबलं जोडणारे जॉइन कसे लावायचे ते शिकवत होते, तीच पोरं. ‘दहावी पास. घरीच असते. आवड: स्वयंपाक, शिवण.’ पाच वर्षं मी नागापूर ते कॉलेज उभ्याने बसने गेले होते, प्रॅक्टिकलच्या वह्या बसच्या दांडीला टेकून लिहिल्या होत्या. ते सगळं कोणीतरी एका रकान्यातून खरडून काढलं होतं. नोंद येणं हा एक अपमान होता. हा त्याच्या वरचा.

सरांना वेगळीच काळजी. “आमच्या क्लासच्या मॅडम दहावी पास असं छापून आलं तर माझ्याकडे कोण ॲडमिशन घेईल?” मी म्हटलं, काढून टाका. तर त्यांनी मान हलवली. “घरच्यांनी दिलेली नोंद आहे. मी अशी काढू शकत नाही. उद्या कोणीही येईल आणि म्हणेल काढा. तुमच्या घरच्यांचा निरोप आणा, प्रेसला फाइल जायच्या आत.” आणि तयार फाइलीची फ्लॉपी त्यांनी आपल्या खणात कुलूपबंद केली. माझं नाव, माझं वय, माझी उंची, आणि निरोप घरच्यांचा. मी सरांना काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. पोरांनी ते पाठ करून ठेवलं होतं असं मला पुढे कळलं.

मी तशीच माळीवाड्याच्या स्टँडवर गेले आणि सोलापूरच्या गाडीत बसले.

दुकानात गर्दी होती. रब्बीचे दिवस, लोक युरियासाठी थांबलेले. नाना गल्ल्यावर, मागे कोपऱ्यात प्लास्टिकचं कव्हर घातलेला कॉम्प्युटर आणि त्याच्या वर ते कॅलेंडर.

“नाना, माझी नोंद काढा.”

“कंची नोंद?”

“उगाच वेड पांघरून पेडगावला जाऊ नका.”

“पेडगाव हितनं लांब न्हाई, पोरी, पन मी काय तिकडं निघालो न्हाई,” नाना म्हणाले. दोघंतिघं हसले. नानांनाही जरा बरं वाटलं. “हे बघ, मी शाखा चालवतो. लोक सांगत्यात ते टाकतो. ज्यानं टाकाया सांगितलं त्यानं काढाया सांगावं.”

“मला दहावी पास करायला कोणी सांगितलं?”

“ते सांगायचं न्हाई, अशी शपथ हाय.”

“शपथ! वर्षभर माझी अब्रू काढायची आणि वर शपथ! दहावीलाच मला घरी बसवायचं होतं तुम्हाला. ते जमलं नाही म्हणून आता कॉम्प्युटरवर बसवता?”

हे मी सगळ्या गिऱ्हाइकांसमोर बोलले. नानांचा चेहरा काळाठिक्कर पडला. त्यांनी गल्ला धाडकन लावला आणि उठून उभे राहिले.

“मी? मी करतो व्हय हे? तुझ्या आईला इचार जा! दर महिन्याच्या बाजाराला येती वहिनी. हितं ह्या खुर्चीवर बसती. मी म्हनतो, वहिनी, पोरगी हाय तशी ऱ्हाऊ द्या की, खोटं कशापाई लिव्हायचं? तर पदरानं डोळं पुसती आन् म्हनती, नाना, रंग जरा उजळ लिव्हा. उंची जरा वाढवा. तिच्या डोळ्याचं पानी बघून लिव्हतो मी. आन् तू मला भर पंगतीत बोललीस, तरी गप ऱ्हायलो.” मग त्यांचा आवाज उतरला. “दहावीचं मातर मी सुचवलं. लई शिकल्याली पोरगी दिसली की लोक दबकत्यात. ते खोटं न्हाई.”

मला तोंडात मारल्यासारखं झालं. आई महिन्यातून एकदा मिरजगावला जाते, हे मला माहीत होतं. शेतातला वाटा बघायला, असं ती सांगायची. येताना शेंगा आणायची. मी त्या शेंगा खाल्ल्या होत्या. एक माणूस दुकानात पोतं धरून उभा होता, तो नानांना म्हणाला, “पोरीला पानी द्या आधी.” मी पाणी न घेता बाहेर पडले.

परतीच्या वाटेवर मी आईशी काय बोलायचं ते तयार करत होते, आणि दर वाक्य आधीच्यापेक्षा जास्त लागणारं निघत होतं. घरी पोचले तेव्हा वडील दुसऱ्या पाळीला गेलेले. आई दारात बसून मेथी निवडत होती.

“दहावी पास कोणी लिहिलं?”

तिने हातातली काडी खाली ठेवली. “नानांनी सांगितलं व्हय?”

“तू लिहायला सांगितलंस की नाही?”

“सांगितलं.”

“ज्या नानांशी तू माझ्या शिक्षणासाठी भांडलीस, त्यांच्याच दुकानात बसून ते शिक्षण पुसलंस? लाज कशी वाटली नाही?”

माझी आई ऐकून घेणारी बाई नव्हती. पण त्या दिवशी तिने ऐकून घेतलं. मग मेथीकडे बघत बोलायला लागली. पहिल्यांदा तिने सगळं खरं लिहायला सांगितलं होतं. मुलींची यादी मुलांकडच्यांना जाते आणि मुलांची मुलींकडच्यांना, हा मंडळाचा रिवाज. म्हणून मुलींच्या यादीत कोण आहे आणि कोण नाही, ते तिला कधी दिसलं नाही. तिने नुसती वाट बघितली. एक महिना गेला. कोणी विचारायला आलं नाही.

“खालच्या आळीतल्या पोरीला तीन स्थळं आली. नाक हे असं हाय तिचं,” आई म्हणाली. “तुला एक न्हाई. मला वाटलं, सावळी लिव्हलं म्हनून. म्हनून रंग बदलला. तरी कुनी न्हाई. मग वाटलं उंची. मग वय. मग नाना म्हनले शिक्शन. दर महिन्याला वाटायचं, आता तरी कुनी इचारंल. तुला काय सांगायचं? तुला कुनीच इचारीना, असं पोरीला तोंडावर सांगू?”

मी तयार करून आणलेली सगळी वाक्यं तिथेच राहिली. पण राग गेला नाही. रागाने फक्त जागा बदलली.

“कोणी विचारणार कसं?” मी म्हटलं. “ती नोंद कोणापर्यंत गेलीच नाही. आली की मी काढून टाकत होते. पहिल्या महिन्यापासून.”

आईला ते लगेच उमगलं नाही. मी दोनदा सांगितलं. फ्लॉपी येते, मी आत घेते, मला काढते, मग यादी छापते.

“म्हंजे कुनी वाचलंच न्हाई?”

“नाही.”

“म्हंजे कुनी तुला न्हाई म्हनलंच न्हाई?”

“कोणी नाही.”

तिचा चेहरा एकदम सैल झाला. इतका सैल झालेला मी तो त्या वर्षात पाहिला नव्हता. आणि पुढच्या क्षणी तिने निवडलेली, न निवडलेली सगळी मेथी माझ्या अंगावर फेकली.

“भवाने! वरीसभर मी तुझ्यात खोट शोधीत हुते! तू जेवाया बसलीस की तुझा रंग बघायची. तू चालाया लागलीस की उंची बघायची. झोपलीस तरी नाक बघायची तुझं. पोटच्या पोरीला मनातल्या मनात काळी म्हनले, बुटकी म्हनले, थोराड म्हनले. आन् तू माझ्या नाकाखाली बसून पुसत हुतीस? एकदा सांगाया काय झालं हुतं?”

“तुला एकदा विचारायला काय झालं होतं?”

मी माफी मागितली नाही. खोट शोध, असं मी तिला सांगितलं नव्हतं. पण त्या वर्षी जेवताना कधी मान वर केली तर ती माझ्याकडे बघत असायची, आणि मला वाटायचं, माया आहे. हे मला फार लागलं. अजून लागतं. मी केसांतली मेथी काढत म्हटलं, सरांना निरोप पाठव, नोंद काढा म्हणून. “पाठवत न्हाई जा,” आई म्हणाली, आणि मोरीत जाऊन भांडी आदळायला लागली. दुसऱ्या दिवशी डबा होता. पोळ्या नेहमीसारख्या चार होत्या, पण ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. वडील दोघींकडे बघून लवकर कामावर जायला लागले.

प्रेसला फाइल जायची वेळ आली तरी निरोप गेला नव्हता. तेव्हा सरांनीच मंडळाच्या महिला विभागाच्या एका बाईंना आमच्या घरी पाठवलं. जरीची साडी, हातात वही, आवाजात साखर. आईने त्यांना चटईवर बसवलं, पाणी दिलं. मी आतल्या खोलीच्या दारात उभी राहिले. आई काय बोलणार, ते मला ठाऊक नव्हतं. ती हो म्हणाली असती तर फाइल जशीच्या तशी संगमनेरला गेली असती, आणि मेळाव्यात दहावी पास, गोरी, घरीच असणारी एक बाई माझ्या नावाने सगळ्या तालुक्यांत वाटली गेली असती.

“सर म्हणाले, मुलीच्या नोंदीचा काही घोळ आहे,” बाई म्हणाल्या. “म्हटलं, आईलाच विचारावं. छापायची ना?”

आई चटईची निघालेली काडी आत खोचत राहिली.

“शिक्षण वगैरे दुरुस्त करून घेऊ. त्यात काय एवढं? वय आहे तोवर झालेलं बरं असतं.”

“छापू नका,” आई म्हणाली.

“का हो?”

“पोरगी न्हाई म्हनती.”

बाईंनी वही मिटली आणि माझ्याकडे एकदा खालपासून वरपर्यंत बघून घेतलं. मग आईच्या जवळ सरकून, मला ऐकू जाईल एवढ्याच हळू आवाजात त्यांनी विचारलं, “मुली असं उगाच म्हणत नाहीत. मला सांगा, काही खोट-बिट आहे का तिच्यात?”

आई उठली. बाईंच्या पुढ्यातला पाण्याचा तांब्या तिने उचलून घेतला. अर्धा भरलेला होता तरी.

“वरीसभर शोधली मी,” ती म्हणाली. “सापडली न्हाई.”